आजोबांच्या ट्रान्झिस्टरची प्रिंट उखडली, ब्लूटूथ बसवायला गेलो होतो

नवशिका_कराड:

नमस्कार मंडळी. काम बिघडवून आलोय, तेव्हा शिव्या थोडक्यात द्या.

आजोबांचा चार मोठ्या सेलचा ट्रान्झिस्टर आहे. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, आत तपकिरी प्लेट आणि पत्र्याच्या टोप्यांचे ट्रान्झिस्टर. त्यातल्या दोनांवर एसी १२८ आणि उंच असलेल्यांवर एएफ ११७ वाचता येतं. महिन्यापूर्वीपर्यंत मीडियम वेव्ह व्यवस्थित लागत होतं. आजीला सकाळी हरिपाठ ऐकायचा असतो. मोबाइलचा आवाज तिला चिरका वाटतो, आणि या पेटीचा मात्र आवडतो. म्हणून ठरवलं की आत एक छोटं ब्लूटूथ मॉड्यूल बसवू.

मॉड्यूलची लाल तार सेलच्या प्लसला जोडली, काळी मायनसला. आवाजाच्या डाव्या-उजव्या तारा एकत्र पिळून व्हॉल्यूम कंट्रोलच्या कडेच्या पायावर डाग दिला आणि त्या केबलची जाळी रेडिओच्या पत्र्याला लावली. पहिला डाग इतका छान बसला होता की फोटो काढून ठेवला. स्विच टाकला, निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. दोन-तीन सेकंदांत जाळीची तार तापून तिचं आवरण वितळलं, घरभर वास.

मला वाटलं सोल्डर कुठेतरी पसरून शॉर्ट झालंय. सगळं काढून पुन्हा डाग दिला. तेच झालं. तिसऱ्या वेळी जुनं सोल्डर माझ्या २५ वॅटच्या आयर्नने वितळेचना, म्हणून शेजारच्या इलेक्ट्रिशियन दादांकडून ६० वॅटचं आणलं. तार जरा ओढली तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायाभोवतीचा तांब्याचा चकता आणि त्याला लागून सेंटीमीटरभर पट्टी, म्हणजे प्रिंट, प्लेटवरून सुटून वर आली. शेजारचे दोन पायही सोल्डरने एकमेकांना चिकटले.

आता मॉड्यूल पूर्ण काढून टाकलंय. सेल घातले की फक्त बारीक सूंऽऽ येतं. स्टेशन नाही, बटण फिरवून आवाजात फरक नाही. उखडलेली पट्टी फेविक्विकने चिकटवू का? आणि ते जुने ट्रान्झिस्टर माझ्या हातून भाजून मेले असतील का? आजीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय सेल संपलेत.

पेटीतलं_पेटीत:

पन्नास वर्षं चाललेली वस्तू कशाला उघडायची म्हणतो मी? बाजारात हजार रुपयांत ब्लूटूथ स्पीकर मिळतो. तो या पेटीच्या मागे लपवला असता तर आजींना कळलंही नसतं. असो, झालं ते झालं. निदान मूळचा एकही सुटा भाग फेकू नका.

अर्धवाहक:

फेविक्विक नको. पुढच्या वेळी तिथे आयर्न लावलंत की त्याची वाफ डोळ्यांत जाते, आणि उष्णतेने ते सुटतंच.

तुमचं सोल्डर कोणतं आहे ते रिळावर वाचा. ऑनलाइन मागवलेलं बरंचसं 'लेड फ्री' असतं. टिन ९९.३ आणि कॉपर ०.७ असं लिहिलं असेल तर ते २२७ अंशांना वितळतं. जुन्या सेटमधलं टिन-शिशाचं ६०/४० असतं, ते १८३ अंशांपासून मऊ व्हायला लागतं. म्हणजे पहिल्याच डागाला तुम्ही गरजेपेक्षा ४० अंश जास्त मागितलेत, आणि तुमचं २५ वॅटचं आयर्न नंतर का दमलं तेही यातच आलं. मी दिवसभर शिसंमुक्त लाइनवरच काम करतो, पण घरी जुन्या सेटसाठी ६३/३७ चं वेगळं रीळ ठेवलंय. शिसं आहे, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि टेबलावर चहा ठेवायचा नाही, एवढं पथ्य.

दुसरं म्हणजे ती तपकिरी प्लेट. ती कागद आणि फिनॉलिक राळेची असते. हिरव्या काचतंतूच्या प्लेटवर तांबं जितकं घट्ट बसतं तितकं हिच्यावर बसत नाही. त्या काळच्या कुठल्याही सेटमध्ये एका जागी तीनदा डाग काढला-घातला तर प्रिंट उठणारच. त्यात तार ओढली.

चिकटलेले दोन पाय डीसोल्डरिंग विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, मोकळे करता येतील. विकला आधी फ्लक्स (राळेचा लेप) लावा, कोरडी विक काही शोषत नाही. त्या जुन्या ट्रान्झिस्टरमधल्या जर्मेनियमची काळजी मलाही वाटते, पण त्यावर जाणकार बोलतील.

तपकिरी_प्लेट:

थांबा जरा. सगळे प्रिंटच्या मागे लागलात. पोरा, मला आधी तीन गोष्टी सांग.

तुझ्याकडे मल्टीमीटर आहे ना? काळी सुई पत्र्याच्या फ्रेमला लाव आणि लाल सुईने ट्रान्झिस्टरच्या पायांवर व्होल्टेज बघ. काय दिसतं?

सेलच्या कुठल्या टोकाची तार फ्रेमला गेली आहे, प्लसची की मायनसची? डोळ्यांनी बघ, अंदाजाने सांगू नको.

आणि व्हॉल्यूम कंट्रोलचे नेमके कुठले दोन पाय चिकटलेत? मधला आणि कुठला? मधल्या पायापासून एक छोटा कंडेन्सर पुढच्या ट्रान्झिस्टरकडे जातो. त्या कंडेन्सरच्या पलीकडच्या टोकाला, सेट चालू ठेवून, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकव. सहा व्होल्ट आहेत, घाबरू नको. आवाज येतो का?

नवशिका_कराड:

काका, रीळ बघितलं. लेड फ्रीच आहे.

मीटर बिघडलंय बहुतेक. फ्रेमला काळी सुई लावली तर सगळीकडे वजा दाखवतंय. एके ठिकाणी वजा ५.८, बाकी कुठे वजा १, वजा ०.२ असं काहीबाही. सुया उलट्या लावल्यात का ते दोनदा तपासलं.

फ्रेमला जाणारी तार सेलच्या प्लसकडून येते. हे मला विचित्र वाटलं होतं, पण म्हटलं जुनं आहे, कोणीतरी दुरुस्तीत बदललं असेल.

चिकटलेत ते मधला पाय आणि फ्रेमकडचा पाय. आणि स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर टक् टक् वाजतं, चांगलं मोठ्याने!

तपकिरी_प्लेट:

मीटर ठणठणीत आहे. आजोबांचा सेटही बहुतेक ठणठणीत आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय तुझं.

हे एएफ ११७, एसी १२८ जर्मेनियमचे पीएनपी, म्हणजे उलट्या सप्लायवर चालणारे. असल्या पुष्कळ सेटमध्ये फ्रेम प्लसला असते, म्हणून फ्रेमपासून मोजलं की सगळं वजा दिसणारच. कोणी बदललेलं नाही, कारखान्यातूनच तसं आलंय. आणि तुझं मॉड्यूल आजच्या पद्धतीचं, त्यात आवाजाची जाळी आणि सप्लायचं मायनस आतून एकच. तू काळी तार सेलच्या मायनसला दिलीस आणि जाळी फ्रेमला, म्हणजे सेलच्या प्लसला. सेलचं प्लस-मायनस त्या बारीक जाळीतून सरळ भिडलं. मोठे सेल होते म्हणून तार भाजली. म्हणजे तुझा पहिला डाग, ज्याचा फोटो काढलास ना, तो बरोबर होता. जोडणी चुकली होती. तू बरोबर डाग दोनदा खोडून काढलास आणि त्या खोडण्यात प्रिंट गेली.

माझ्याकडे शिकाऊ पोरं यायची तेव्हा हाच घोळ सगळ्यात जास्त. सेट वाजला नाही की आयर्न उचलायचं. हात आयर्नकडे जाण्याआधी मीटरकडे गेला पाहिजे.

आता सूंऽऽ का येतं ते ऐक. मधला पाय फ्रेमच्या पायाला चिकटलाय, म्हणजे अँप्लिफायरचं तोंड तू जमिनीला बांधून ठेवलंयस. बटण फिरवून काय फरक पडणार? वरून डिटेक्टरकडून, म्हणजे स्टेशनच्या लहरींतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाकडून, येणारी प्रिंट तुटलेली, ते वेगळंच. पण कंडेन्सरच्या पलीकडे टेकवल्यावर टक् टक् आलं, म्हणजे पुढचा सगळा भाग जिवंत आहे: ड्रायव्हर, दोन्ही एसी १२८, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. ट्रान्झिस्टर भाजलेले नाहीत. झोप आज रात्री.

कामाला लागण्याआधी सेल बाहेर. २५ वॅटचंच आयर्न घे, ६० चं परत करून ये. टोक काळं पडलं असेल तर ओल्या स्पंजवर पुसून लगेच ६०/४० चं सोल्डर लाव. आमच्याकडे याला टोकाला कल्हई करणं म्हणायचे. कल्हई गेलेलं टोक उष्णता देत नाही, नुसतं घासत बसतं, आणि मग माणूस जोर लावतो. टोक चकचकीत असेल तर जोर लागतच नाही.

चिकटलेले पाय आधी सोडव. त्यावर तुझं शिसंमुक्त सोल्डर आहे, ते सरळ शोषायला जाऊ नको. थोडं ६०/४० त्याच्यात घाल, दोन्ही मिसळले की लवकर वितळतं, मग विक लाव. उलटं वाटतं, जास्त झालंय तिथे आणखी घालायचं, पण काढायचा रस्ता तोच. विक नसेल तर बारीक तारांची जुनी वायर सोल, तारा पसरव, राळेत बुडव, झाली विक. राळ म्हणजे पाइनच्या झाडाची साधी राळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून बाटलीत ठेवली की वर्षभर पुरते. हार्डवेअरच्या दुकानातली पत्रे जोडायची अॅसिडवाली पेस्ट चुकूनही नको. डाग सुंदर येतो, आणि वर्षभरात पाय हिरवे होऊन गळतात.

एक गोष्ट करू नको. सोल्डर वितळवून प्लेट टेबलावर आपटायची आणि ते झटकायचं, हे काही जण शिकवतात. मीही करायचो. १९८३ च्या जूनमध्ये, वर्ल्ड कपच्या फायनलच्या आदल्या दोन दिवसांत, एका गिऱ्हाइकाचा सेट माझ्या टेबलावर होता. कॉमेंट्री ऐकायला पाहिजे म्हणून तो रोज चकरा मारायचा. दोन पाय चिकटले होते, मी प्लेट आपटली, पाय मोकळे झाले, आणि मोहरीएवढा थेंब उडून बँड स्विचच्या पात्यांत जाऊन बसला. मीडियमवर शॉर्ट वेव्ह आणि शॉर्टवर काहीच नाही. तो थेंब मला सापडला २५ तारखेला सकाळी, सुईच्या टोकावर. दुपारी सेट त्याच्या हातात दिला. मॅच सुरू व्हायला तासभर होता, त्याने पैसेही मोजले नाहीत, नुसता घेऊन पळाला.

आता प्रिंट. चकता परत चिकटवायच्या नादाला लागू नको. चकत्याचं काम दोन: भाग धरून ठेवणं आणि वीज पुढे नेणं. तुझा व्हॉल्यूम कंट्रोल त्याच्या नटाने धरलेला आहे, तेव्हा पहिलं काम दुसरं कोणीतरी करतंय. दुसऱ्यासाठी तार पुरते. सुटलेली पट्टी ओढून बघू नको, ओढशील तितकी येत जाईल. जिथे ती अजून पक्की चिकटलेली आहे तिथे ब्लेडने आडवा काप दे आणि सैल तुकडा काढून टाक. प्लेट जिथे काळी झाली आहे तिथे टोकाने खरवडून खालचा स्वच्छ तपकिरी रंग दिसेपर्यंत साफ कर. जळलेली प्लेट कोळसाच, तिच्यातून थोडी वीज सरकते आणि खरखर येते. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने अल्कोहोल लावून पूस.

मोबाइलचा टॉर्च प्लेटच्या मागून धर. ही प्लेट पातळ असते, उजेड आरपार येतो आणि प्रिंटचा सगळा नकाशा दिसतो. तुटलेली पट्टी पुढे कुठल्या भागाच्या पायाला जाते ते बघ. डिटेक्टर डायोडच्या बाजूचा एखादा रेझिस्टर किंवा कंडेन्सर असेल. तार त्या पायापासून निघून सरळ व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायावर आली पाहिजे. उरलेल्या पट्टीच्या टोकावर डाग देऊ नको, तीही उठेल. तारेसाठी रेझिस्टरचा कापलेला पाय आणि वर स्लीव्ह (प्लास्टिकची बारीक नळी), एवढं बास. टोकांना आधी कल्हई, मग पायाला टेकवून दोन, फार तर तीन सेकंद. नाही बसलं तर आयर्न उचल, मिनिटभर थांब, पुन्हा. जिथे डाग देतोयस तिथून जवळच डायोड असेल तर त्याचा पाय मगरीच्या क्लिपने किंवा चिमट्याने धरून ठेव, उष्णता क्लिप पिते. जर्मेनियमला खरी भीती तिथेच.

मीटर बीपवर लावून तपास: जोडलेले दोन्ही पाय बीप देतात का, मधला आणि फ्रेमचा पाय आता बीप देत नाहीत ना. शेवटचं तपासताना बटण मधोमध ठेव, शेवटाला असलं तर आपसूक बीप येईल आणि तू पुन्हा आयर्न उचलशील. सगळं वाजलं, की मग तारेवर अॅराल्डाइटचा एक थेंब, रात्रभर सुकू दे. आधी लावलंस आणि चूक निघाली तर छिन्नी लागेल.

एवढं करूनही स्टेशन आलं नाही तर एएफ ११७ वर पेन्सिलने हलकी टिचकी मार. त्या टोपीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पायाला टोपी लागते. खरखर झाली तर चार पायांपैकी ढालीचा, म्हणजे टोपीला जोडलेला पाय कापला की बहुतेक वेळा सेट उठतो. पण तुझा महिन्यापूर्वी वाजत होता, तेव्हा एवढ्यावर जाऊ नको.

ब्लूटूथचं नंतर लिहितो, हात दुखला.

अर्धवाहक:

काका, मीटरची वजा वाचणी मी वाचली असती तर मलाही मीटरच बिघडलं वाटलं असतं. आमच्या पिढीने प्लसला जोडलेली फ्रेम बघितलीच नाही.

ब्लूटूथसाठी आयसोलेटेड कन्व्हर्टर चालेल ना? बी ०५०५ एस म्हणून एक वॅटचा चार पायांचा येतो. आत-बाहेरचं मायनस वेगळं, मग फ्रेमचा प्रश्नच मिटला.

तपकिरी_प्लेट:

चालेल, पण त्याला आत ५ व्होल्ट पाहिजेत आणि याचे चार सेल नवे असताना ६ च्या वर, जुने झाल्यावर ४ च्या घरात. शिवाय तो आत फिरत असतो तेव्हा सूक्ष्म किंचाळतो आणि फेराइट रॉड, म्हणजे रेडिओचा आतला एरियल, शेजारीच. सरळ मार्ग म्हणजे मॉड्यूलला स्वतःचा वेगळा लिथियम सेल आणि टीपी ४०५६ ची चार्जिंगची पट्टी, बॅटरीच्या संरक्षणाची सोय असलेली. मॉड्यूलवर ३.७ व्होल्ट चालतं असं लिहिलंय का बघून घ्या. तो सेल रेडिओच्या सेलला कुठेच जोडायचा नाही. मग जाळी खुशाल फ्रेमला लावा, तार थंड राहील.

पोरा, डावी-उजवी पुन्हा पिळू नको. दोन्हींत एक-एक १ के (हजार ओहम) चा रेझिस्टर घालून मग एकत्र कर, नाहीतर मॉड्यूलचे दोन आउटपुट एकमेकांशी कुस्ती खेळतात. पुढे १ मायक्रोफॅरडचा साधा कंडेन्सर, प्लस-मायनस नसलेला. आणि सहा पायांचा एक स्विच आण: अर्ध्याने मॉड्यूलचा सेल चालू-बंद, अर्ध्याने व्हॉल्यूम कंट्रोलला एकदा डिटेक्टर आणि एकदा ब्लूटूथ. स्विच मागच्या पुठ्ठ्यावर बसव, लाकडाला भोक पाडू नको, म्हणजे वर 'पेटीतलं पेटीत' म्हणणारे साहेबही खूश.

नवशिका_कराड:

दहा दिवसांनी लिहितोय. ६०/४० चं रीळ आणि विक आणायला पुण्याला तापकीर गल्लीत जावं लागलं, बाकी सगळं इथे मिळालं.

टॉर्चने प्रिंट बघितली आणि चक्रावलो. पट्टी मला वाटली होती तिकडे जातच नव्हती, एका कंडेन्सरला वळसा घालून डायोडकडे गेली होती. न बघता तार टाकली असती तर भलतीकडे गेली असती. दोन्ही पाय मोकळे केले, तार टाकली, सेल घातले. बटण उघडताना हात थरथरत होता. रात्री मीडियम वेव्हवर कानडी स्टेशन लागलं, धारवाड असावं. पेन्सिलने टिचकी मारायची गरज पडली नाही.

मग ब्लूटूथ, तुम्ही सांगितलं तसंच. जाळी फ्रेमला लावून पाच मिनिटं तार हातात धरून बसलो होतो. थंड. अॅराल्डाइट लावलंय. पहिल्या डागाचा फोटो जपून ठेवलाय, तो बरोबर होता हे कळल्यावर डिलीट करवेना.

आजीने हरिपाठ ऐकला. तक्रारी दोन. निळा दिवा जाळीच्या कापडातून रात्रभर चमकतो. आणि स्विच टाकला की आतून एक बाई इंग्रजीत मोठ्याने ओरडते, पहाटे पाचला. दोनदा दचकली, आता मलाच उठवते स्विच टाकायला. काका, त्या बाईला गप्प करता येतं का?

तपकिरी_प्लेट:

बाई चिपमध्येच बसलेली असते, सोल्डरने निघत नाही. व्हॉल्यूमचं बटण आधी पूर्ण खाली, मग स्विच, बाई बोलून झाली की बटण वर. दिव्यावर काळी टेप. दिवा उपटायला जाऊ नको, ती हिरवी प्लेट असली तरी.